औषध नसलेल्या कादंबऱ्या आणि औषध मागणाऱ्या मुली

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वसईहून लोकल पकडलीत आणि बसायला जागा मिळाली (मिळाली तर!), तर बोरिवलीच्या आत वाचून होईल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. अकरावी-बारावीची मुलं वाचत नाहीत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, मला ती तितकीशी पटत नाही. ती आपण सांगतो ते वाचत नाहीत, एवढंच. गेली कित्येक वर्षं एक पुस्तक मुलांच्या, विशेषतः मुलींच्या दप्तरात हमखास सापडतं. कधी विकत घेतलेलं, पण बहुतेक वेळा स्टेशनबाहेरच्या टपरीवरची पुसट छपाईची स्वस्त प्रत. जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. कादंबरी २०१२ ची. २०२० च्या जुलैमध्ये सुशांतसिंह राजपूतचा शेवटचा चित्रपट 'दिल बेचारा' आला, तो याच गोष्टीवरचा. तेव्हापासून तर ज्यांनी पुस्तक उघडलेलं नाही त्यांनाही गोष्ट पाठ आहे.

हेझल सोळा वर्षांची. थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसात उतरलेला, नाकात ऑक्सिजनची नळी, सोबत चाकांवरचा सिलिंडर. ऑगस्टस सतरा वर्षांचा, हाडाच्या कॅन्सरमुळे एक पाय गेलेला. दोघं आजारी मुलांच्या एका गटात भेटतात, वाद घालतात, प्रेमात पडतात, एका लेखकाला शोधत ॲमस्टरडॅमला जातात. पुढचं सांगत नाही. ग्रीन तरुणपणी काही महिने लहान मुलांच्या रुग्णालयात धर्मोपदेशकाचं प्रशिक्षण घेत होता, तिथे त्यानं जे पाहिलं ते डोक्यात राहिलं. पुढे एस्थर अर्ल नावाच्या मुलीशी त्याची मैत्री झाली. तिला थायरॉइडचा कॅन्सर होता आणि २०१० मध्ये सोळाव्या वर्षी ती गेली. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं आहे.

मुलांना ते का आवडतं? माझ्या मते, त्यातली आजारी मुलं शहाणी आणि सोशिक नाहीत म्हणून. ती चिडतात, टोमणे मारतात, आईबापांच्या काळजीला वैतागतात. पण मला त्यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि वाचणाऱ्या बहुतेकांच्या ती लक्षातही राहत नाही. हेझल जिवंत आहे ती फॅलॅन्क्सिफोर नावाच्या औषधामुळे. आणि हे औषध जगात कुठेच नाही. लेखकानं ते बनवून टाकलंय. गोष्ट पुढे जायला हेझल जगायला हवी, जगायला औषध हवं, औषध नाही, मग कल्पनेतलं आणलं. कादंबरीकाराला तेवढी मुभा असतेच.

आपल्या मराठी कादंबऱ्यांना मात्र ती मुभाही घेता आली नाही.

आजारी तरुणाची मराठीतली सगळ्यात लाडकी कादंबरी कोणती? रणजित देसाईंची 'स्वामी'. आपण ती ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचतो, पण नीट पाहिलं तर ती एका क्षयरोग्याची गोष्ट आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब खचून गेले, आणि माधवराव पेशवेपदावर बसले तेव्हा वय होतं सोळा. म्हणजे माझ्या वर्गातल्या अकरावीच्या पोराएवढं. चुलता घरातच शत्रू, तिजोरी रिकामी, निजाम आणि हैदर दोन बाजूंना. अकरा वर्षांत त्यांनी राज्य उभं केलं आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, गणपतीच्या पायाशी, सत्ताविसाव्या वर्षी देह ठेवला. राजयक्ष्मा. आतड्याचा क्षय असावा असं सांगितलं जातं. त्या सगळ्या काळात आपला वसईचा किल्ला पुण्याच्याच ताब्यात होता. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हापासून. (किल्ल्यात अप्पांचं स्मारक आहे, तिथे फोटो सगळे काढतात. अप्पांनाही छातीचं जुनं दुखणं होतं आणि वसई जिंकल्यावर दोन वर्षंही ते जगले नाहीत, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.)

'स्वामी' आली १९६२ मध्ये. योगायोग बघा, भारत सरकारचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. म्हणजे माधवरावांसाठी घराघरांत डोळे पुसले जात होते तेव्हा त्यांच्या आजारावरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. पुढे दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा पुन्हा रडलो. मीही रडलोय, शाळेत होतो.

दोन वर्षांपूर्वी बारावीच्या वर्गात 'स्वामी'चा विषय निघाला होता. तास संपल्यावर एक मुलगी थांबली. नालासोपाऱ्याला राहणारी, अबोल, वर्षभरात पाचदहा वाक्यांपलीकडे बोललेली नाही. म्हणाली, "सर, रमाबाई सती गेल्या हे सगळे सांगतात. पण त्या एवढी वर्षं त्यांच्यासोबत राहिल्या, त्यांना टीबीची लागण झाली होती का, हे कुणी बघितलं का?" पंचवीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोटाचा क्षय सहसा दुसऱ्याला होत नाही, फुप्फुसाचा होतो, एवढं मला माहीत होतं ते सांगितलं. तेव्हा तिनं सांगितलं की अकरावीचं सबंध वर्ष ती स्वतः टीबीच्या गोळ्या घेत होती. वर्गात कुणाला माहीत नाही. मैत्रिणीला नाही, शेजारी नाही. घरच्यांनी बजावलं होतं: बोलायचं नाही, उद्या लग्नाच्या वेळी कुणीतरी काढेल. गोळ्यांचं पाकीट चहापत्तीच्या डब्यामागे. ती आता ठणठणीत आहे, नोकरी करते. हे तिला विचारून लिहितोय, आणि ती ओळखू येईल असं काही लिहिलेलं नाही.

तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यातूनच आनंदीबाई जोशींकडे परत वळलो. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' (१९६८) आपण सगळ्यांनी वाचलीय, निदान २०१९ चा चित्रपट तरी पाहिलाय. आनंदीबाई आपल्या बाजूच्याच, जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणचा. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, तोवर आपण नि कल्याण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. ती डॉक्टर व्हायचं म्हणाली ते यामुळे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मधली काही वर्षं आपण भराभर ओलांडतो, नि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

गोपाळरावांची पोस्टातली नोकरी, सारख्या बदल्या. कोल्हापूरला असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्यानं ते अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या, तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं. पत्रव्यवहार सुरू झाला. कधी न भेटलेल्या दोघी, एक मध्यमवयीन गोरी बाई, एक पंधरा वर्षांची ब्राह्मण मुलगी. पुढे आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. नंतर बदली बंगालात झाली, आणि तिथे आनंदीची तब्येत ढासळली. सततची डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी समुद्रापलीकडून औषधं पाठवली, उपयोग झाला नाही.

म्हणजे चित्र काय आहे बघा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, परक्या मुलखात, अंगात ताप, रस्त्यावर चालली तर लोक हसतात कारण बूट घालून नवऱ्यासोबत चालते. आणि ती ठरवते की एकटीनं बोट पकडून अमेरिकेला जायचं. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भाषण केलं आणि हिंदू बायकांना बाई डॉक्टर का हवी ते समजावलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट. जाताना तब्येत बरी नव्हती. बरी होण्याची वाट पाहिली असती तर कदाचित कधीच गेली नसती.

फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यास. तिथे क्षयानं तिला पूर्ण गाठलं. तरी ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. वर्षअखेरीस परत आली ती अंथरूण धरूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना कमी होता. एकाही बाईची नाडी तिला इथे डॉक्टर म्हणून बघता आली नाही. अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या त्यांच्या घरच्या दफनभूमीत आजही त्यांचा दगड आहे.

जोशींची कादंबरी मला आवडते, पण ती गोपाळरावांच्या विक्षिप्तपणात फार रमते. आजारी मुलगी तिथे सोसणारी होते. पत्रं लिहिणारी, भाषण करणारी, हट्ट करणारी मुलगी मागे राहते. 'स्वामी'तही हेच. आपल्याला आजारी तरुण आवडतात ते मूर्तीसारखे.

आता तारखा शेजारी ठेवतो, इतिहासाच्या शिक्षकासारखा. २४ मार्च १८८२, बर्लिन. रॉबर्ट कॉखनं जाहीर केलं की क्षय जंतूमुळे होतो, शापानं नाही, हळव्या स्वभावानं नाही, खानदानानं नाही. तेव्हा आनंदी बंगालात तापानं फणफणत होती. ती अमेरिकेत वैद्यक शिकत होती तेव्हा हा जंतू जगाला माहीत झालेला होता. पण मारणारं औषध नव्हतं. पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, रुग्णाला मिळालं १९४४ च्या सुमारास. आयसोनियाझिड १९५२ मध्ये. माधवरावांच्या बाबतीत एकशेबहात्तर वर्षांचा उशीर, आनंदीबाईंच्या बाबतीत सत्तावन्न. दोघांत धीर, जिद्द, श्रद्धा कमी नव्हती. थेऊरच्या चिंतामणीपुढे काय कमी नवस झाले असतील?

औषध आल्यावरही ते घ्यायचं कुठे हा प्रश्न होताच. पूर्वी टीबी म्हणजे सॅनेटोरियम: मिरजेचं वॉनलेस, मुंबईत शिवडी. घरापासून दूर, हवाबदल, दूध-अंडी, महिनोन्‌महिने. कुणाला परवडणार? मग मद्रासमध्ये १९५६ पासून एक प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन त्याच्या त्या कोंदट खोलीतच ठेवलं. १९५९ मध्ये निकाल छापला: बरं होण्यात फारसा फरक नाही, आणि घरच्या माणसांना जास्त लागण झाली असंही नाही. सगळ्या जगानं टीबीचे उपचार घरी न्यायला सुरुवात केली त्यामागे हा आपल्याकडचा प्रयोग आहे. नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून ती मुलगी बरी झाली त्याची मुळं मद्रासमध्ये आहेत. शाळेच्या पुस्तकात हे कुठेच नाही.

इथे जॉन ग्रीन परत येतो. २०१९ मध्ये तो सिएरा लिओनला गेला होता. तिथल्या सरकारी टीबी रुग्णालयात हेन्री नावाचा एक मुलगा त्याला हात धरून सगळीकडे फिरवत होता. ग्रीनला वाटलं नऊ वर्षांचा असेल, त्याच्या स्वतःच्या मुलाएवढा (मुलाचं नावही हेन्री). तो निघाला सतरा वर्षांचा. कुपोषण आणि टीबीनं वाढ खुंटलेली, आणि टीबीही साध्या औषधांना दाद न देणारा. कॅन्सरच्या मुलांची गोष्ट लिहून कोट्यवधी प्रती खपवलेला लेखक त्यानंतर टीबीच्या मागे लागला, २०२५ मध्ये त्यावर 'एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस' हे पुस्तकच लिहिलं. या वेळी औषध बनवून टाकायची गरज नव्हती. बेडाक्विलिन नावाचं औषध २०१२ पासून होतं, त्याच वर्षी त्याची कादंबरीही आली होती. फक्त ते मिळत नव्हतं.

आपल्याकडेही नव्हतं. २०१६ मध्ये भारतात ते सहाच केंद्रांवर, अटी घालून सुरू झालं. पाटण्याची अठरा वर्षांची एक मुलगी दिल्लीत उपचार घेत होती, बाकी औषधं निकामी झालेली. ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून अडलं. वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, पण फुप्फुसं तोवर पोखरली होती. २०१८ मध्ये ती गेली. ग्रीनच्या नव्या पुस्तकात तिचीही गोष्ट आहे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. मुंबईची नंदिता वेंकटेसन. सतराव्या वर्षी, २००७ मध्ये आतड्याचा टीबी, माधवरावांना होता म्हणतात तोच. बरी झाली. २०१३ मध्ये परत उलटला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि टीबीच्या इंजेक्शनांनी दोन्ही कानांचं ऐकणं गेलं. भरतनाट्यम करणारी मुलगी. ती पुढे पत्रकार झाली आणि ऐकू येत नसताना पुन्हा मंचावर नाचलीही. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या वस्तीतली फुमेझा टिसिले, तिचंही तेच: कॉलेजच्या वयात भयंकर टीबी, इंजेक्शनं, बहिरेपणा. दोघी बऱ्या झाल्या. बेडाक्विलिन गोळीच्या रूपात आहे, ते वेळेत आणि स्वस्त मिळालं तर पुढच्या मुलांना ही इंजेक्शनं घ्यावी लागणार नाहीत, हे दोघींना कळत होतं.

बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं त्याच औषधाच्या एका क्षारासाठी आणखी एक पेटंट मागितलं होतं. मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये या दोन मुलींनी भारतीय पेटंट कार्यालयात विरोध अर्ज दाखल केला. आपल्या पेटंट कायद्यात कुणालाही असा विरोध करता येतो, हे आपल्या कायद्याचं मोठेपण. निर्णय दिला मुंबईच्या कार्यालयानं. ते अँटॉप हिलला आहे, शिवडीच्या टीबी रुग्णालयापासून फार लांब नाही. २३ मार्च २०२३ ला कंपनीचा अर्ज फेटाळला. दुसऱ्या दिवशी कॉखची तारीख, २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन.

भारतात स्वस्त पर्यायाचा रस्ता उघडला. बाकी देशांत पेटंट होतंच, तिथे जुलैत ग्रीननं आपल्या वाचकांना हाक दिली आणि हेझलवर रडलेली पोरं कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवू लागली. टीबीवर काम करणाऱ्या संघटना वर्षानुवर्षं लढत होत्या, त्यात ही भर पडली. त्याच वर्षी कंपनीनं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पेटंट लागू करणार नाही असं जाहीर केलं. जागतिक खरेदीतली सहा महिन्यांच्या औषधाची किंमत निम्म्याच्याही खाली, १३० डॉलरवर आली. स्वस्त पर्याय बनवणाऱ्यांत मुंबईची ल्युपिनही आहे.

मला या दोघींवर कादंबरी हवी आहे. कुणीतरी मराठीत लिहा. त्यात नायिका मरत नाही, ती अर्ज भरते, वकील गाठते, चार वर्षं थांबते. रडू येणार नाही कदाचित, पण माझी मुलं वाचतील.

कारण आपल्याकडे विषय संपलेला नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. वसई-विरार म्हणजे दाटीच्या चाळी, बंद खिडक्यांच्या खोल्या, पहाटेची गच्च भरलेली विरार लोकल, कंपन्यांच्या गाळ्यांत बारा-बारा तास. त्यात मुलगी खोकायला लागली की आधी 'हवा बदलली', मग गल्लीतल्या डॉक्टरची खोकल्याची बाटली, मग दुसरी बाटली. महिना-दीड महिना असाच जातो. निदान झालं की लपवाछपवी. बरं वाटू लागलं की दोन महिन्यांत गोळ्या बंद, आणि तोच टीबी औषधाला न जुमानणारा होऊन परत. मुलग्याचा टीबी आजार असतो, मुलीचा टीबी कलंक असतो, हे मी आपल्याच भागात बघितलंय, सुशिक्षित घरांतसुद्धा.

म्हणून कामाचं एवढं लिहून थांबतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर पालिकेच्या किंवा सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधंही मोफत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते), मात्र नोंदणी झालेली हवी. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी नोंदणी होते, डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी असेल तर बाकीच्यांची तपासणी मागून घ्या, लहान मुलांची आधी. माझ्या विद्यार्थिनीनं रमाबाईंबद्दल विचारलं होतं, तीच तपासणी. शंका असेल तर निक्षय संपर्काचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६. अकरावी-बारावीच्या मुलांना हा क्रमांक मी फळ्यावर लिहून देतो, ज्याला हवा तो गुपचूप उतरवून घेतो.